जुना डेस्कटॉप वर्गातल्या टीव्हीला जोडताना

गंगाखेड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत दहा-बारा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आणि त्याचा १७ इंची चौकोनी मॉनिटर आहे, आणि गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून वर्गासाठी ४३ इंची टीव्ही घेऊन दिला आहे. सीपीयूच्या मागे एचडीएमआय पोर्ट नाही. म्हणून त्यांनी एका टोकाला निळी व्हीजीए पिन आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली साधी केबल आणून लावली. टीव्हीने ‘नो सिग्नल’ दाखवले. ओळखीच्या एकाचा एचडीएमआय असलेला सीपीयू आणून पाहिला, तेव्हा चित्र आले. पण खालची टास्कबारची पट्टी दिसेना, पाठ्यपुस्तकाच्या पानावरची अक्षरे फिसकटलेली दिसू लागली आणि टीव्हीतून आवाज आला नाही. केबल खोचताना हाताला झिणझिण्याही आल्या. टीव्ही बदलून घ्यावा का, असे त्या विचारतात.

मॅडम, टीव्ही बदलण्याची गरज नाही. आपण लिहिलेल्या तक्रारींपैकी एकही टीव्हीचा दोष दाखवत नाही. मात्र उत्तराची सुरुवात मी आपण शेवटी आणि ओझरत्या लिहिलेल्या झिणझिण्यांपासून करतो, कारण बाकीच्या अडचणींमुळे फार तर एक तासिका वाया जाईल, परंतु ही अडचण मुले वावरतात त्या खोलीतली आहे.

सीपीयूच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात. त्यांपैकी एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून सीपीयूच्या पत्र्याला जोडलेला असतो. बोर्डात अर्थिंग व्यवस्थित असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत निघून जातो आणि कोणाला काही जाणवत नाही. अर्थिंग नसेल, किंवा कोणी प्लगची तिसरी जाड पिन काढून टाकली असेल, तर पत्र्यावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा, म्हणजे ११० ते ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह एका मिलिअँपिअरहून कमी असल्यामुळे झिणझिण्यांवर भागते. परंतु त्या झिणझिण्या एवढे नक्की सांगतात की पत्र्याला जमिनीपर्यंत वाट नाही. आणि पुढेमागे पॉवर सप्लायमधली फेजची वायर पत्र्याला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट त्या पत्र्यावर येतील आणि एमसीबी (दोष आला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) पडणारही नाही.

एचडीएमआय केबलच्या टोकाचे धातूचे कवच हे सीपीयूच्या पत्र्याशी जोडलेले असते. त्यामुळे केबल लावताच तोच दाब टीव्हीच्या आतल्या धातूवर आणि डिश अँटेनाची वायर लावलेली असेल तर तिच्या बाहेरच्या जाळीवर पोहोचतो. दोन्ही यंत्रे चालू असताना केबल खोचली की तेथे बारीक ठिणगी पडते आणि ती कधी कधी थेट सिग्नलच्या पिनांमधून पोर्टच्या चिपपर्यंत जाते. एचडीएमआय पोर्ट जळालेले जे टीव्ही दुरुस्तीला येतात, त्यांतल्या अनेकांची हकिकत हीच असते, आणि दुरुस्ती पोर्टपुरती न राहता बहुधा आतला मेनबोर्ड बदलण्यावर जाते. म्हणून केबल लावताना किंवा काढताना सीपीयू आणि टीव्ही बंद करून दोन्हींचे प्लग बोर्डातून काढलेले असावेत. नुसते रिमोटने बंद करणे पुरेसे नाही.

आता अर्थिंगविषयी. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने बोर्डाची तपासणी करून घ्यावी: फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जवळपास फेज-न्यूट्रलइतकाच दाब दिसायला हवा, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये दोन-चार व्होल्टपेक्षा अधिक दिसू नये. शाळेच्या आवारात अर्थिंगचा खड्डा असेल तर तो शोधून काढावा. अनेक ठिकाणी तो फरशीखाली किंवा गवताखाली गेलेला असतो आणि वायर गंजून तुटलेली असते. आपल्या मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे. चैत्र-वैशाखात काळी जमीन भेगाळते, तिच्यातली ओल जाते आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग उन्हाळ्यात निकामी होते. खाली मुरूम किंवा कातळ असेल तर ते आणखी लवकर घडते. मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून एकदोनदा बादलीभर पाणी ओतावे. टीव्ही आणि सीपीयू एकाच बोर्डावरून चालवावेत, म्हणजे दोघांच्या जमिनीच्या दाबात फरक राहत नाही. वळवाचे ढग भरून आले की दोन्ही प्लग काढावेत आणि छतावरून येणारी डिशची वायरही टीव्हीपासून सोडवावी. वीज प्रत्यक्ष शाळेवर पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी त्या वायरमधून टीव्हीत आणि तेथून एचडीएमआयमार्गे सीपीयूत झटका येऊ शकतो.

एवढे झाल्यानंतर केबलकडे वळू. व्हीजीए हा १९८७ साली आयबीएमने आणलेला जोड आहे आणि तो ॲनालॉग आहे. म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन तारांमधून सतत कमीजास्त होणाऱ्या दाबाच्या रूपाने जातात. एचडीएमआय २००२ साली आले आणि त्यातून चित्र अंकांच्या रूपाने जाते. या दोहोंमध्ये नुसती तार जोडून संवाद होऊ शकत नाही, मध्ये रूपांतर करणारे सर्किट लागते. आपण आणलेल्या केबलमध्ये ते नसावे. बाजारात अशा केबल सर्रास मिळतात आणि त्या सीपीयूपासून टीव्हीपर्यंत कधीच चालत नाहीत. आणखी एक शंका अनेकांना येते, ती येथेच दूर करतो: व्हीजीए पिनच्या मधल्या रांगेत एक काडी नसते. ती तुटलेली नसून पुष्कळ केबलमध्ये मुळातच बसवलेली नसते. त्यासाठी केबल परत करू नये.

कन्व्हर्टर घ्यायचा झाल्यास दिशा नीट पाहावी. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दिसायला जवळपास सारख्या असतात आणि उलट्या दिशेने वापरता येत नाहीत. आपल्याला पहिली हवी. तिला वीज देण्यासाठी एक यूएसबी वायर आणि आवाजासाठी ३.५ मिलिमीटरची बारीक पिन असलेली वायर सोबत असायला हवी. यूएसबी वायर सीपीयूला लावण्याचे विसरले तर पुन्हा ‘नो सिग्नल’च दिसेल.

परंतु कन्व्हर्टर घेण्याआधी सीपीयूच्या मागे निळ्या पोर्टच्या शेजारी एकदा टॉर्च लावून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आपल्या सीपीयूच्या काळातल्या अनेक मदरबोर्डांवर (सीपीयूतल्या मुख्य सर्किट बोर्डांवर) तेथे एक पांढरा, रुंद, चौकोनी छिद्रांच्या तीन रांगांचा आणि एका कडेला आडवी फट असलेला पोर्ट असतो. त्यावर बहुधा प्लॅस्टिकचे झाकण किंवा धुळीचा थर असतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. त्याला डीव्हीआय म्हणतात. तो १९९९ साली आला. एचडीएमआयने चित्र पाठवण्याची पद्धत त्याच्याकडूनच घेतलेली असल्यामुळे या दोहोंमध्ये कोणतेही सर्किट लागत नाही, एका टोकाला डीव्हीआय आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली साधी केबल पुरते. केबलच्या टोकाला डीव्हीआय-डी प्रकारची पिन असावी, म्हणजे आडव्या पट्टीच्या आजूबाजूला जादा चार काड्या नसाव्यात. अशी पिन दोन्ही प्रकारच्या पोर्टमध्ये बसते. या मार्गाने १९२० × १०८० बिंदूंचे चित्र सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्‌झने अंक न बिघडता टीव्हीपर्यंत जाते. व्हीजीए कन्व्हर्टरने चित्र येईल, पण अंकांचे ॲनालॉग आणि ॲनालॉगचे पुन्हा अंक या प्रवासात अक्षरांच्या कडा थोड्या विरतात. दोन्ही वाटा उपलब्ध असतील तर माझी निवड नेहमी डीव्हीआयची राहील.

काही सीपीयूंना डिस्प्लेपोर्ट असतो. त्याला डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी केबल लागते, आणि तीही उलटी चालत नाही. सीपीयूमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल तर केबल मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्या पोर्टला लावावी, कारण कार्ड असताना मदरबोर्डचे पोर्ट पुष्कळदा बंद असतात.

जोडणी झाल्यावर क्रम असा ठेवावा: आधी टीव्ही चालू करून रिमोटच्या सोर्स किंवा इनपुट बटणाने ज्या पोर्टला केबल लावली आहे तोच क्रमांक निवडावा, आणि त्यानंतर सीपीयू चालू करावा. टीव्ही आपल्याला कोणते चित्र दाखवता येते याची माहिती केबलमधल्याच वेगळ्या तारांवरून संगणकाला कळवत असतो, आणि काही जुने मदरबोर्ड ही विचारपूस फक्त सुरू होतानाच करतात. त्या क्षणी टीव्ही बंद असेल तर तो जोडलेलाच नाही असे समजून पुढे जातात. चित्र आले नाही तर जुना मॉनिटर व्हीजीएला तसाच लावून ठेवावा, म्हणजे निदान आत काय चालले आहे ते दिसते, आणि कीबोर्डवरील विंडोज चिन्हाचे बटण दाबून ठेवून पी दाबावे. चार पर्याय येतात. त्यांतला ‘डुप्लिकेट’ सोयीचा वाटतो, पण आपल्याकडे तो घात करील. आपला मॉनिटर १२८० × १०२४ चा, म्हणजे जवळजवळ चौकोनी आहे. दोन्हीकडे एकच चित्र दाखवायचे म्हटल्यावर संगणक दोघांना चालेल असे चित्र पाठवतो आणि रुंद टीव्हीवर ते एकतर ताणलेले किंवा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या घेऊन येते. म्हणून ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडावे. विंडोज ७ मध्ये हाच पर्याय ‘प्रोजेक्टर ओन्ली’ या नावाने आहे. त्यानंतर डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन (चित्रातल्या बिंदूंची संख्या) १९२० × १०८० करावे. टीव्ही फोर-के असला तरी जुन्या सीपीयूवर हेच ठेवावे. फोर-के पडद्यावर लांबीत आणि रुंदीत बरोबर दुप्पट बिंदू असल्यामुळे हे चित्र तेथे नीट बसते. ‘मोड नॉट सपोर्टेड’ असा संदेश आला तर रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने येते तो आकडा) ६० हर्ट्‌झ आहे का ते पाहावे.

टास्कबार न दिसण्याचे कारण जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातले आहे. त्या ट्यूबवर चित्राच्या कडा सरळ येत नसत, म्हणून टीव्ही चित्र थोडे मोठे करून कडा चौकटीबाहेर ढकलत असे. ट्यूब गेल्या, पण ही सवय अनेक टीव्हींमध्ये कारखान्यातूनच चालू असते. मालिका पाहताना ती लक्षात येत नाही, संगणक लावला की चारही बाजूंची पट्टी गायब होते. उपाय टीव्हीच्या मेनूमध्ये आहे. पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट रेशो या ठिकाणी जावे. एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’ अशी नावे आढळतात, इतर टीव्हींवर ‘डॉट बाय डॉट’ किंवा ‘१:१’. संगणकाच्या ग्राफिक्स सेटिंगमधूनही चित्र आक्रसून बसवता येते, पण तो दुय्यम मार्ग आहे, कारण त्यात संगणक चित्र लहान करतो, टीव्ही ते पुन्हा मोठे करतो आणि अक्षरे दोनदा बिघडतात.

अक्षरांकडे मी थोडे अधिक लक्ष वेधू इच्छितो, कारण आपला पडदा चित्रपटासाठी नाही, वाचनासाठी आहे. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ उघडून ‘वर्ग’ हा शब्द पडद्याजवळ जाऊन पाहावा. शिरोरेषेच्या वर-खाली एक पांढरट कड दिसते का? रफार आणि शिरोरेषा एकमेकांत मिसळून जाड गोळा होतो का? पांढरी कड ही टीव्हीच्या ‘शार्पनेस’ची करामत आहे. चेहरे आणि झाडे ठसठशीत दिसावीत म्हणून टीव्ही प्रत्येक कडेला उजळ रेघ ओढतो, आणि देवनागरीत तर प्रत्येक शब्दावर आडवी रेघ असतेच. ती कड नाहीशी होईपर्यंत शार्पनेस कमी करावा. काही टीव्हींवर तो शून्यावर आणावा लागतो, काहींवर मध्यावर थांबावे लागते, म्हणून आकडा न पाहता अक्षर पाहून ठरवावे. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ असेल तर तो ‘स्टँडर्ड’ करावा आणि गोंगाट कमी करणारे, हालचाल गुळगुळीत करणारे सारे पर्याय बंद करावेत.

दुसरी बाब रंगीत अक्षरांची. टीव्ही व्हिडिओसाठी बनलेला असल्यामुळे तो पुष्कळदा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने घेतो. काळ्यावर पांढरे अक्षर त्यामुळे ठीक दिसते, पण निळ्या किंवा काळ्या पार्श्वभूमीवरचे लाल अक्षर विरघळल्यासारखे होते आणि अनुस्वार व वेलांट्यांचे टोक हरवते. अनेक टीव्हींमध्ये इनपुटला नाव देण्याची सोय असते. तेथे त्या पोर्टचे नाव ‘पीसी’ असे निवडले की टीव्ही ही काटछाट थांबवतो. नावाने काय होणार, असे वाटते, पण सॅमसंग आणि एलजीच्या अनेक टीव्हींवर त्या एका बदलाने पान वाचण्याजोगे होते. ती सोय नसेल तर ‘गेम मोड’ लावून पाहावा. काळा रंग राखाडी किंवा गडद भाग सपाट काळा दिसत असेल तर ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ हा पर्याय बदलून पाहावा, कारण संगणक रंगाचे आकडे ० ते २५५ पाठवतो आणि टीव्ही पुष्कळदा १६ ते २३५ गृहीत धरतो.

अक्षरांचा आकार हा वेगळा विषय आहे. शेवटच्या रांगेतले मूल वाचू शकते का, हे तेथे स्वतः बसून पाहावे. विंडोजमधले स्केलिंग (अक्षरे आणि चिन्हे मोठी करण्याचे प्रमाण) १५० टक्के करावे आणि पुस्तकाचे पान पूर्ण न दाखवता अर्धे दाखवावे. टीव्ही खिडकीसमोर लावू नये.

आवाजाबाबत: एचडीएमआयमधून आवाजही जातो, पण संगणक तो आपोआप तिकडे वळवीलच असे नाही. खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावरून आवाजाची यादी उघडून टीव्हीचे नाव निवडावे. आपल्या दुसऱ्या सीपीयूवर एवढेच राहिले होते असे दिसते. डीव्हीआयमधून मात्र बहुतेक जुन्या मदरबोर्डांवर आवाज येत नाही, काहींवर येतो, म्हणून तो येईल असे धरून चालू नये. व्हीजीए कन्व्हर्टरच्या बाबतीत बारीक पिन सीपीयूच्या हिरव्या पोर्टला लावली की आवाज एचडीएमआयमार्गे टीव्हीत जातो. तरीही वर्गासाठी मी सीपीयूच्या हिरव्या पोर्टला लावलेले वेगळे स्पीकरच सुचवीन. टीव्हीचे स्पीकर लहान असतात आणि पुष्कळदा मागे किंवा खाली तोंड करून बसवलेले असतात. चाळीस मुलांच्या खोलीत कवितेचे शब्द त्यांतून स्पष्ट पोहोचत नाहीत.

केबल पाच मीटरच्या आतली पुरेशी असेल तर तेवढीच घ्यावी. १०८० च्या चित्रासाठी दहा मीटरपर्यंतची चांगली केबलही चालते, पण लांबी वाढली की चित्र मध्येच जाणे-येणे सुरू होते आणि दोष शोधणे अवघड होते. केबल टीव्हीच्या मागे लोंबकळत ठेवू नये, भिंतीला क्लिपने बांधावी, म्हणजे तिचे वजन पोर्टवर येत नाही. वायरलेस जोडणीच्या मागे आपण लागू नये. जुन्या डेस्कटॉपला वाय-फाय नसते, आणि बसवले तरी माउस हलवल्यानंतर बाण उशिरा हलतो.

लाईट वारंवार जात असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस सीपीयू आणि टीव्ही दोघांना काही मिनिटे सांभाळू शकतो, कारण तो साधारण ३६० वॅटपर्यंतचा भार घेतो आणि ४३ इंची एलईडी टीव्ही सहसा १०० वॅटच्या आसपासच वापरतो. टीव्हीच्या मागच्या पट्टीवरचा आकडा मात्र पाहून घ्यावा. हा वेळ संगणक नीट बंद करण्यासाठी आहे, शिकवणे पुढे चालू ठेवण्यासाठी नाही. आणि ज्या दिवशी फक्त व्हिडिओ दाखवायचा असेल, त्या दिवशी सीपीयू चालूच करू नये. तो पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावला की बहुतेक एमपी-४ फाइली तशाच चालतात.

परभणीला खरेदीसाठी जाण्यापूर्वी सीपीयूच्या मागच्या बाजूचा आणि टीव्हीच्या पोर्टांचा जवळून फोटो काढून न्यावा, आणि शक्य असेल तर सीपीयूच सोबत नेऊन दुकानातल्या कोणत्याही एचडीएमआय टीव्हीवर किंवा मॉनिटरवर केबल चालते आहे हे समोर पाहूनच पैसे द्यावेत. पांढरा डीव्हीआय पोर्ट सापडला तर डीव्हीआय-एचडीएमआय केबल मागावी. नाही सापडला तर यूएसबी आणि आवाजाच्या वायरसह येणारा व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टर आणि त्याच्या पुढे लावण्यासाठी एक साधी एचडीएमआय केबल. वायरमनने अर्थिंग तपासून दिल्याशिवाय मात्र यांतले काहीही टीव्हीला लावू नये.